मायाळू आणि धीट मूल घडवताना: पालक व शिक्षकांसाठी काही सूचना

पालकसभेत शिक्षकांना दोन तक्रारी सर्वाधिक ऐकायला मिळतात. पहिली अशी, की मूल घरात अखंड बोलते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. त्याला धीट कसे करावे? दुसरी अशी, की मूल हुशार आहे, पण हेकट आहे, कोणाला वस्तू देत नाही, धाकट्या भावंडावर हात उगारते. त्याला समजूतदार कसे करावे? पहिल्या तक्रारीवर वक्तृत्व स्पर्धा आणि नाट्यशिबिरे सुचवली जातात, दुसरीवर बोधकथा, सुविचार आणि उपदेश. प्राथमिक शाळेत दीर्घकाळ शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. त्या मुलावाचून घरात किंवा वर्गात कोणाचे काहीच अडत नाही आणि ही गोष्ट त्याच्या लक्षात आलेली असते. ज्या मुलावर कोणीतरी खरोखर विसंबून असते, त्याला आपल्या हातांवर भरवसा वाटू लागतो, आणि समोरच्याला काय हवे आहे हे ओळखण्याची सवयही त्याला त्याच कामातून लागते. पुढील सूचना या विचारातून आलेल्या आहेत आणि त्या मुख्यतः पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत.

घरात खरे काम द्यावे

खरे काम म्हणजे जे झाले नाही तर कोणाची तरी गैरसोय होते, असे काम. मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम मूल लगेच ओळखते. पाच-सहा वर्षांचे मूल जेवणाची ताटे-वाट्या मांडू शकते, मटार सोलू शकते, मेथीची पाने खुडू शकते, कुंड्यांना पाणी घालू शकते. आठ-नऊ वर्षांचे मूल कुकरसाठी डाळ-तांदूळ मोजून धुऊ शकते, जवळच्या दुकानातून यादीप्रमाणे वाणसामान आणून उरलेल्या पैशांचा हिशेब देऊ शकते, धाकट्या भावंडाला गोष्ट वाचून दाखवू शकते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने आजोबांना डॉक्टरांकडे जाताना सोबत करावी, कागदपत्रांची पिशवी सांभाळावी, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांच्या वेळा लिहून आणाव्यात. गोळ्या काढून देण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

काम ठरलेले असावे. आज सांगितले, उद्या विसरले, परवा रागावून पुन्हा सांगितले, असे झाले की ते मुलाचे काम राहत नाही, पालकांचा हुकूम होतो. एका वेळी एकच काम द्यावे, ते निदान एक-दोन महिने त्याच्याकडेच ठेवावे आणि घरातील सर्वांना ते कोणाचे आहे हे माहीत असावे. परीक्षा जवळ आली की अनेक घरांत मुलाकडून सर्व कामे काढून घेतली जातात. यामागे माया असते हे खरे, परंतु त्यातून मुलाला असा निरोप मिळतो की त्याच्या कामाची घराला फारशी गरज नव्हती. परीक्षेच्या आठवड्यात काम हलके करावे, पण पूर्ण थांबवू नये. दहा मिनिटे कुंड्यांना पाणी घातल्याने कोणाचे गुण कमी होत नाहीत.

मुलाने केलेले काम त्याच्यासमोर पुन्हा करू नये. त्याने घातलेली कपड्यांची घडी वाकडी असेल तर ती तशीच कपाटात ठेवावी. नीट घडी कशी घालायची हे दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी, त्याच्या शेजारी बसून, एकदा दाखवावे. काम संपल्यावर काढलेली खोड आणि काम सुरू होण्याआधी दाखवलेली रीत यांत फार अंतर आहे. पहिलीत मुलाला स्वतःची उणीव दिसते, दुसरीत पुढची पायरी दिसते.

कामाचे पैसे किंवा चॉकलेट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये असे दाखवले होते, की अवघ्या दीड वर्षाची मुलेसुद्धा, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देतात. पुढे 2008 मध्ये त्यांनीच वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदत केल्यावर ज्या मुलांना बक्षीस म्हणून खेळण्याची वस्तू दिली होती, ती मुले नंतर बक्षीस मिळेनासे झाल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. मदतीची ओढ मुलांत आधीपासूनच असते, हे या प्रयोगांतून मला महत्त्वाचे वाटते. ती ओढ विकत घेण्याचा प्रयत्न केला की ती आटते. त्यापेक्षा कामाचा ज्याला उपयोग झाला त्याने तो बोलून दाखवावा. “तू यादी नीट वाचून सामान आणलेस, त्यामुळे आईला कामावरून आल्यावर पुन्हा बाहेर पडावे लागले नाही,” एवढे पुरे असते.

महाराष्ट्रात ही समज नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात अंगण झाडणे, हात-पाय धुणे, केस विंचरणे, आवारातील पाने-फुले-बिया गोळा करून त्यांचीच शैक्षणिक साधने करणे, हा शिक्षणाचाच भाग मानला होता. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी कुरणशाळा भरवली. मुलाची घरातील जबाबदारी ही शिक्षणातील अडचण आहे असे समजून तिच्यावर ठपका न ठेवता, शाळाच त्या जबाबदारीपर्यंत चालत गेली. मुलांना मजुरीला लावावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. जे काम मुलाची शाळा, खेळ किंवा झोप हिरावून घेते, ते या लेखात अभिप्रेत नाही.

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्या बहुतेक घरांत काम मुलींच्या वाट्याला येते आणि मोकळीक मुलांच्या वाट्याला. चौथीतील मुलगी पाहुण्यांना पाणी देते, धाकट्याला भरवते, आई आजारी असेल तर पोळ्या लाटते. तिचा भाऊ सायकल घेऊन गावभर फिरतो, दुकानात जातो, मोठ्या माणसांशी बोलतो, पैसे हाताळतो. परिणाम असा होतो की दुसऱ्याचे मन जाणण्याची सवय तिला लागते आणि बाहेरच्या जगात वावरण्याचा धीर त्याला येतो. दोघांनाही शिक्षण अर्धेच मिळते. मग आपण म्हणतो की मुली जात्याच मायाळू असतात आणि मुलगे जात्याच धीट. यात ‘जात्याच’ फार थोडे आहे. कामांची वाटणी तशी केलेली आहे. उपाय सोपा आहे, पण तो मुद्दाम करावा लागतो. मुलग्याला घरातील सांभाळण्याचे काम द्यावे: ताटे उचलणे, आजीचे पाय चेपणे, लहान बहिणीची वेणी घालून देणे. मुलीला बाहेरचे काम द्यावे: दळण आणणे, पोस्टात जाणे, एसटीच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारणे. सुरुवातीला घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ते काम त्यांच्याच उपयोगाचे निवडावे. नातवाने रोज रात्री अंथरूण घालून दिले, तर त्याविरुद्ध बोलणारी आजी मी तरी पाहिलेली नाही.

वर्गातील जबाबदाऱ्या

शिक्षकांसाठी माझी पहिली सूचना अशी आहे, की शिक्षक वर्गात नसताना बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिण्याची प्रथा बंद करावी. मॉनिटरने नावे लिहायची, शिक्षकांनी आल्यावर त्या मुलांना उभे करायचे, ही पद्धत असंख्य शाळांत आजही चालते. तिच्यातून एका मुलाला सत्ता मिळते, परंतु त्या सत्तेने कोणाचेही भले होत नाही. नाव लिहू नये म्हणून मॉनिटरला खाऊ दिला जातो, मित्रांची नावे वगळली जातात, आणि जे मूल आधीच एकटे आहे त्याचे नाव सर्वात वर असते. वर्गातील पुढारीपणाचा मुलांनी घेतलेला हा पहिला अनुभव असतो, म्हणून तो क्षुल्लक समजू नये.

त्याऐवजी वर्गात जितकी मुले तितकी कामे असावीत किंवा एकेक काम दोघांना मिळून द्यावे. फळा पुसणे व तारीख-वार लिहिणे, वाचनपेटीतील पुस्तकांची नोंद ठेवणे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर झाकण आहे ना हे पाहणे, झाडांना पाणी घालणे, पोषण आहाराच्या वेळी पहिलीच्या मुलांना रांगेत हात धुवायला नेणे, परिपाठाची तयारी करणे, पंखे-दिवे बंद करणे, ही सर्व कामे मुले उत्तम करतात. मला सर्वात मोलाचे वाटणारे काम मात्र वेगळे आहे. जे मूल गैरहजर असेल त्याचा त्या दिवसाचा अभ्यास लिहून ठेवणे आणि ते परत आल्यावर त्याच्या शेजारी बसून समजावून देणे. या कामासाठी मी हुशार समजले जाणारे मूल मुद्दाम निवडत नाही. दुसऱ्याला समजावून सांगायचे आहे हे ठाऊक असल्यामुळे ज्याचे वर्गात लक्ष नसते तेही मूल नीट ऐकू लागते, आणि आजारातून परतलेल्या मुलाला आपली कोणीतरी वाट पाहत होते हे कळते.

कामे दर महिन्याला बदलावीत. बदलताना जुन्या मुलाने नव्या मुलाला काम शिकवावे आणि शिक्षकांनी शक्यतो मध्ये बोलू नये. काम कोणी चुकवले तर शिक्षा म्हणून ते काढून घेऊ नये; तसे करत गेले तर शेवटी मुलाकडे कामच उरत नाही. “काल झाडांना पाणी मिळाले नाही, आज काय करता येईल?” एवढे विचारून उत्तरासाठी थांबावे.

स्नेहसंमेलनाविषयीही हेच म्हणता येईल. दरवर्षी तीच पाच-सहा मुले रंगमंचावर असतात, कारण कार्यक्रम चांगला दिसावा असे सर्वांना वाटते. प्रेक्षक पालक असतात. त्यांना निर्दोष कार्यक्रमापेक्षा आपले मूल पाहायचे असते. प्रत्येकाला एक वाक्य, एक वाद्य किंवा पडद्यामागचे एक निश्चित काम द्यावे आणि पडद्यामागील मुलांनाही शेवटी रंगमंचावर बोलावून त्यांचे काम सांगावे.

कौतुक आणि तुलना

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग शिक्षकांमध्ये बरेच परिचित आहेत. काही कोडी सोडवून झाल्यावर एका गटाला “तुम्ही हुशार आहात” असे सांगितले गेले आणि दुसऱ्या गटाला “तुम्ही मेहनत घेतलीत” असे. त्यानंतर अवघड कोडी दिली, तेव्हा सर्वांनाच ती जड गेली. पुढे पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली असता हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, तर मेहनतीचे कौतुक झालेल्या मुलांची सुधारली. हुशारीचे कौतुक झालेल्यांपैकी अनेकांनी दुसऱ्या मुलांना कळवताना आपले गुण वाढवूनही सांगितले. ‘हुशार’ हे बिरुद एकदा मिळाले की ते टिकवण्याची धास्ती लागते, आणि अवघड गोष्टीला हात घालणे धोक्याचे वाटू लागते, असा याचा अर्थ मी घेते.

म्हणून कौतुक करताना मुलाने नेमके काय केले ते सांगावे. “शाब्बास” म्हणण्यास हरकत नाही, पण तेथे थांबू नये. “उत्तर जुळेना तेव्हा तू पूर्ण उदाहरण खोडून मांडणी नव्याने केलीस, म्हणून हातचा विसरल्याचे सापडले,” असे सांगितले तर पुढच्या वेळी काय करायचे हे मुलाला कळते. चांगल्या वागणुकीलाही हाच नियम लावावा. “तू खूप गुणी आहेस” यापेक्षा “खेळात कोणी घेत नव्हते तेव्हा तू तिला आपल्या गटात बोलावलेस, नंतर ती किती हसत होती” हे वाक्य अधिक उपयोगी आहे, कारण त्यात दुसऱ्या मुलावर झालेला परिणाम दिसतो.

तुलनेबाबत मी फार काही लिहीत नाही; ती करू नये हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ती होते. एक व्यवहार्य मार्ग सुचवते. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून प्रगतिपुस्तकात श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदीही असतात. विशेष प्रगती, आवड, छंद, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत शिक्षक मुलाविषयी लिहितात. प्रगतिपुस्तक घरी आले की त्या नोंदी आधी, मोठ्याने, मुलासह वाचाव्यात आणि श्रेणी नंतर पाहावी. शिक्षकांनीही मग या नोंदी साच्यातल्या लिहू नयेत. “चांगला प्रयत्न करतो” हे वाक्य चाळीस मुलांच्या पुस्तकांत असेल, तर ते एकाही मुलाविषयी काही सांगत नाही.

भांडण आणि मारामारी झाल्यावर

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना मनाई आहे. छडी बऱ्याच ठिकाणी गेली, परंतु वर्गासमोर अपमान करणे गेलेले नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तेही निषिद्ध आहे. ज्या मुलाला सर्वांसमोर खाली मान घालायला लावली जाते, ते मूल मधल्या सुट्टीत आपल्याहून दुबळ्या मुलाला शोधते.

मी पाळते तो क्रम असा आहे. प्रथम ज्याला लागले आहे त्याच्याकडे जावे. मारणाऱ्याला रागावण्यात पहिली पाच मिनिटे गेली, तर सर्वांचे लक्ष मारणाऱ्याकडे जाते आणि रडणारे मूल तसेच उभे राहते. मारणाऱ्या मुलाला शक्य असेल तर मदतीत घ्यावे: पाण्याचा तांब्या आणणे, जखम धुताना शेजारी थांबणे. आपण केलेल्या गोष्टीचा परिणाम त्याने जवळून पाहणे महत्त्वाचे आहे. मात्र लागलेल्या मुलाला तो जवळ नको असेल, तर ती इच्छा मानावी.

दोघे शांत झाल्यावर, एका बाजूला बसवून, “का केलेस?” असे न विचारता “काय झाले?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर मूल बचाव करते, दुसऱ्यावर घटना सांगते. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, आणि दुसऱ्याने आपली बाजू मांडण्याआधी पहिल्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे जमते. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर मुले आपण होऊन असे करू लागतात. शेवटी विचारावे, की आता हे भरून कसे काढायचे. फाटलेली वही शिवून द्यायची, पडलेला डबा वाटून घ्यायचा, की उद्या खेळात घ्यायचे, हे त्या दोघांना ठरवू द्यावे.

जबरदस्तीने म्हणवून घेतलेल्या ‘सॉरी’चा उपयोग होत नाही. तो शब्द म्हटला की सुटका होते एवढेच मूल त्यातून शिकते. घरी भावंडांच्या भांडणातही पालकांनी न्यायाधीश होण्याची घाई करू नये. “तू मोठा आहेस ना, देऊन टाक” हे वाक्य तर पूर्ण टाळावे. त्यामुळे मोठ्याला वाटते की मायाळूपणा म्हणजे हरणे, आणि धाकट्याला कळते की रडले की मिळते.

बोली, जात आणि नव्याने आलेले मूल

अनेक मुलांचा आत्मविश्वास पहिलीच्या पहिल्या महिन्यातच खचतो, आणि त्याचे कारण त्यांची भाषा असते. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, वारली, पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलणारे मूल वर्गात पहिले वाक्य बोलते, शिक्षक “असे नाही, शुद्ध बोल” म्हणतात, मुले हसतात, आणि ते मूल पुढची दोन वर्षे उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मुलाने काय सांगितले त्याला आधी प्रतिसाद द्यावा. मग तेच वाक्य प्रमाण मराठीत सहज आपल्या बोलण्यात आणावे, म्हणजे मुलाच्या कानावर दोन्ही रूपे पडतात. त्याच्या बोलीतील शब्द वर्गाला शिकवायला त्यालाच उभे करावे. एका भाजीला किंवा पक्ष्याला कोण काय म्हणते याची यादी भिंतीवर लावली, तर ज्याची बोली वेगळी त्याच्याकडे देण्यासारखे सर्वात जास्त असते.

ऊसतोडीच्या हंगामात बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात येतात. दिवाळीच्या सुमारास एखाद्या वर्गात काही नवी मुले दाखल होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. या मुलांना शेवटच्या बाकावर बसवून ‘तात्पुरती’ म्हणून वागवले, तर वर्गातील इतर मुलेही तेच शिकतात. त्यांच्या आगमनाची तयारी आधी करावी. हजेरीपटात नाव घालावे, बाकावर आणि वर्गाच्या कामांच्या तक्त्यावर जागा ठेवावी, एक जोडीदार नेमावा. पहिल्याच आठवड्यात नव्या मुलाला असे काम द्यावे जे त्याला इतरांपेक्षा चांगले जमते. पहाटे उठून पाणी आणणारी, भावंडे सांभाळणारी, बैलगाडी हाकता येणारी ही मुले कित्येक गोष्टींत वर्गातील इतरांपेक्षा जाणती असतात. त्यांची दया करण्याचा धडा वर्गाला देऊ नये. बरोबरीने खेळायला घेणे हीच येथे खरी माया आहे. मुले जाण्याच्या वेळी त्यांना त्यांच्या वह्या आणि वर्गाने लिहिलेली पत्रे सोबत द्यावीत.

जातीविषयी शाळेने अधिक सावध असायला हवे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात प्रवर्गाचे नाव घेऊन मुलांना उभे करणे ही गोष्ट अजूनही घडते. ते काम पालकांना एकेकटे बोलावून किंवा बंद पाकिटात कागद देऊन करता येते. आडनावावरून, रंगावरून, उंची-जाडीवरून पाडलेली टोपणनावे शिक्षकांनी कधीही वापरू नयेत, कौतुकानेसुद्धा नाही. घरी पालकांनी “त्याच्या घरी काही खाऊ नकोस” असे सांगितले, तर शाळेतील समतेचे सर्व पाठ त्या एका वाक्याने पुसले जातात. मुले मोठ्यांचे ऐकण्यापेक्षा मोठ्यांचे पाहतात, हे येथे सर्वात तीव्रतेने जाणवते: शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी, रिक्षावाल्या काकांशी, झाडलोट करणाऱ्या मावशींशी आपण ‘अहो’ म्हणून बोलतो की ‘ए’ म्हणून, याची नोंद मूल रोज घेत असते.

बुजरे मूल

बुजरेपणा हा दोष नाही. काही मुले आधी पाहतात, मग बोलतात. त्यांना फक्त वेळ हवा असतो. पाहुण्यांसमोर “कविता म्हणून दाखव” असा आग्रह करू नये आणि मूल गप्प राहिले तर “ती लाजाळूच आहे” असे तिच्यादेखत सांगू नये. कोणी मुलाला नाव विचारले तर पालकांनी उत्तर देण्याची घाई करू नये, मनात सावकाश दहा अंक मोजावेत. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षकांनीही तेवढेच थांबावे, कारण पहिल्या क्षणी हात वर करणाऱ्यालाच रोज संधी मिळाली तर इतरांना विचार करण्याचे कारण उरत नाही.

पायऱ्या लहान ठेवाव्यात. प्रथम शेजारच्या मुलाला वाचून दाखवणे, मग चौघांच्या गटात, मग परिपाठात दिनविशेषाचे एक वाक्य, मग पूर्ण परिच्छेद. माझ्या अनुभवात अशी मुले धाकट्यांसमोर सर्वांत आधी मोकळी होतात. तिसरीतील न बोलणाऱ्या मुलीला आठवड्यातून एकदा बालवाडीत गोष्ट सांगायला पाठवावे. तेथे तिला कोणी परीक्षक वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यांना ती हवीच असते.

नकार देता येणे

मायाळू मुलाने सर्वांना सर्व काही द्यावे, अशी अपेक्षा ठेवणे घातक आहे. आपली नवी रंगपेटी कोणाला द्यायची नसेल तर “आज मला हवी आहे, उद्या देईन” असे मुलाला म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हटल्यावर मोठ्यांनी त्याला आपमतलबी ठरवू नये. नातेवाइकांना मिठी मारायला किंवा पापी द्यायला मूल नकार देत असेल, तर तो नकार मानावा; नमस्कार पुरेसा आहे. आपल्या शरीराविषयीचे ‘नाही’ घरच्यांनी मानले असेल, तरच मूल ते बाहेर ठामपणे म्हणू शकते, आणि काही अघटित घडले तर न घाबरता सांगू शकते. अवयवांची खरी नावे, न आवडणारा स्पर्श, आणि अडचणीत कोणाला सांगायचे अशा तीन विश्वासू माणसांची नावे मुलाला माहीत असावीत. बालकांसाठीचा 1098 हा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

तज्ज्ञांची मदत केव्हा घ्यावी

वरील सर्व गोष्टी सावकाश घडतात. एका सत्रात थोडा बदल दिसतो, वर्षभरात बराच. परंतु काही लक्षणे केवळ थांबून पाहण्यासारखी नसतात. घरी नीट बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ एकही शब्द बोलत नसेल, पूर्वी मिसळणारे मूल अचानक एकटे राहू लागले असेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःला किंवा प्राण्यांना मुद्दाम इजा करत असेल, तर पालक आणि शिक्षकांनी एकत्र बसून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके शाळांत तपासणीसाठी येतात. त्या दिवशी उंची-वजनाबरोबर वागणुकीतील बदलही शिक्षकांनी सांगावेत. पुढील तपासणीसाठी पथक मुलाला जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवू शकते. जाताना शाळेने एक लेखी टिपण सोबत द्यावे. मूल केव्हा गप्प होते, कोणासोबत खुलते, कोणते काम आनंदाने करते आणि बदल साधारण कोणत्या महिन्यापासून दिसला, एवढे त्यात असावे. रोगाचे नाव शिक्षकांनी स्वतः लिहू नये, आणि ते टिपण पालकांना वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नये.